माझ्या तोंडावरचा आकडा

मित्रांनो, वर्षे मोजलीत तर मी काही फार म्हातारी नाही. पण आमच्या जातीत वय वर्षांवर नसते, पोटातल्या बॅटरीवर असते. ती थकली की आम्ही म्हातारे. या हिशेबाने मी आता चांगलीच जुनी झाले आहे. मी विजेवर चालणारी मोठी मोटारसायकल आहे. गल्लीबोळांतून फिरणाऱ्या विजेच्या स्कूटर या माझ्या चुलत बहिणी. त्या भाजी आणतात, मुलांना शाळेत सोडतात आणि संध्याकाळी घरच्या प्लगला लागून निवांत झोपतात. त्यांना कोणी काही विचारत नाही. मी मात्र सिग्नलला उभी राहिले की शेजारचा माणूस हेल्मेटची काच वर करतो आणि विचारतो, "एका चार्जमध्ये किती जाते हो?"

या प्रश्नाला जे उत्तर माझ्या तोंडून दिले गेले, त्याची मला आजही लाज वाटते. ते कसे घडले, तेच तुम्हाला सांगते.

कारखान्यात माझी जुळणी झाली तेव्हा तिथल्या जुन्या कामगारांना माझे काय करावे हेच कळेना. मला इंजिन नाही, गिअर नाहीत, क्लच नाही, धूर तर नाहीच. त्यांच्यातल्या एकाने मला पहिल्यांदा चालू केले आणि तो तसाच बसून राहिला. "चालू झाली का?" त्याने विचारले. दुसरा म्हणाला, "मूठ पिळून बघ." त्याने मूठ पिळली आणि मी त्याला घेऊन थेट रिकाम्या खोक्यांच्या ढिगात शिरले. तेव्हापासून सगळे माझ्याशी जरा अदबीने वागू लागले.

मुख्य इंजिनिअर असलेल्या मॅडमची मात्र माझ्यापायी झोप उडाली होती. मला लांब पळवायचे तर बॅटरी मोठी हवी. बॅटरी मोठी केली की माझे वजन वाढणार. वजन वाढले की तेवढेच अंतर कापायला आणखी वीज लागणार. बाई या कात्रीत पुरत्या सापडल्या होत्या. शिवाय हायवेवरचा वारा होताच. जोरात पळू लागले की माझी बरीचशी वीज वाऱ्याशी झगडण्यातच जाते. ती पुन्हा भरायची तर चहा पिण्याएवढा वेळ पुरत नाही, जेवून डुलकी काढण्याएवढा लागतो. त्यातच दुसऱ्या एका कारखान्याने त्यांच्या मोठ्या गाडीचा आकडा जाहीर केला. आमचा त्याहून मोठा यायला हवा असे कोणी उघड बोलले नाही, पण जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांच्या तोंडी तोच विषय असायचा.

तो आकडा काढण्याचे काम काडीकडे होते. काडी म्हणजे आमची चाचणी घेणारी. अंगाने इतकी बारीक की घरचे आणि कारखान्यातले सगळेच तिला काडी म्हणत, आणि तीही त्या नावाला ओ देई. मला पूर्ण चार्ज करायचे, हायवेवर काढायचे आणि मी बंद पडेपर्यंत चालवायचे, हे तिचे काम. मागून व्हॅन घेऊन एक काका येत. मी थांबले की ते फळी लावून, मला ढकलत व्हॅनमध्ये चढवत आणि पट्ट्यांनी बांधून परत आणत.

काडीला आपल्या कामाची घमेंड होती आणि ती अगदीच पोकळ नव्हती. ती माझ्यावर बसली की हनुवटी टेकवायची, कोपरे आत ओढायची आणि अशी चपटी व्हायची की वाऱ्याला ती सापडायचीच नाही. पुढे एखादा मोठा ट्रक दिसला की त्याच्या आडोशाला जायची आणि त्याचा वेग धरून मागे मागे राहायची. ट्रक वारा फोडायचा आणि आम्ही त्याच्यामागून फुकटात घसरत जायचो. काकांना ते पटत नसे.

"काडे, वारा ट्रकने खाल्ला, गाडीने नाही," एकदा मला पट्ट्यांनी बांधताना ते म्हणाले.

"रस्त्यावर ट्रक असतातच की, काका."

"ट्रक असतात. तुझ्याएवढी बारीक माणसं नसतात."

काडी हसली. खरे सांगते, मलाही हसू आले असते. आपण इतके लांब जातो याचे मला कोण कौतुक वाटत होते.

आकडा आला दोनशे वीस किलोमीटरचा. दुसऱ्या कारखान्याच्या तोंडचे पाणी पळाले. आमच्या कारखान्याच्या फाटकावर तो आकडा माणसाच्या उंचीएवढा रंगवला. काडीला सगळ्यांसमोर उभे करून टाळ्या वाजवल्या आणि मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग त्याच चाचण्यांवरून माझ्या तोंडाचा हिशेब बसवला गेला. माझे तोंड म्हणजे हँडलच्या मधोमध असलेला तो उजळणारा पडदा. अजून किती किलोमीटर जाईन ते त्यावर दिसते. पोटात वीज किती आहे ते मला आतून कळते, पण तिचे किलोमीटर किती होतील हे मात्र तोंडाला काडीने शिकवले होते.

चाचणी संपलेल्या गाड्या कारखाना आपल्याच लोकांच्या घरी देत असे. काडीने मला तिच्या भावासाठी मागून घेतले. ती त्याला दादा म्हणते, म्हणून मीही दादाच म्हणते. दादा सोफे आणि खुर्च्यांच्या गाद्या शिवतो. बहीण जेवढी बारीक, तेवढा भाऊ ऐसपैस. तो पहिल्यांदा माझ्यावर बसला तेव्हा माझे दोन्ही शॉक अब्सॉर्बर एकदम खाली गेले. "दोघांचं जेवण मीच खाल्लंय लहानपणी," तो काडीकडे बघून म्हणाला. त्याने माझ्या सीटसाठी नवी मऊ गादी शिवली, पाठीमागे त्याच्या मुलीला टेकायला आधार केला, आणि मला स्वयंपाकघराच्या खिडकीखाली जागा दिली. चार्जिंगची वायर त्याच खिडकीतून येत असे. त्यामुळे त्या घरात शिजणारे आणि बोलले जाणारे सगळे माझ्यापर्यंत पोहोचत होते.

दादाची मुलगी पोहणारी होती. आत्या, म्हणजे काडी, तिला मासोळी म्हणायची. पहाटे तिला तलावावर सोडायचे काम माझे. तलाव जवळ होता, त्यामुळे माझ्या तोंडावर किती आकडा आहे याच्याशी कोणाला देणेघेणे नव्हते. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग मोठ्या संघाच्या निवडीची चाचणी आली. ती दुसऱ्या शहरात होती, एकशे ऐंशी किलोमीटरवर. मासोळीच्या वयाच्या गटात तिला ही शेवटचीच संधी होती. पुढच्या वर्षी ती वरच्या गटात जाणार होती आणि तिथे तिच्याहून हातभर उंच मुली होत्या. वहिनी बसने जा म्हणत होत्या. दादा म्हणाला, "बस दहा ठिकाणी थांबते. आपली गाडी न थांबता जाते. काडीने स्वतः काढलेला आकडा आहे." काडीला आपल्या भाचीला आपल्याच गाडीने नेले जाणार याचा इतका आनंद झाला की आदल्या दिवशी येऊन तिने माझ्या टायरची हवासुद्धा स्वतः तपासली.

सकाळी निघालो तेव्हापासून समोरून वारा होता. दादाची छाती म्हणजे वाऱ्यासमोर लावलेले दारच. मागे मासोळी, तिची बॅग, डबा, कपड्यांची पिशवी. तोंडावरचा आकडा रस्त्यापेक्षा भराभर उतरू लागला. अर्ध्या वाटेवर एका हॉटेलच्या मागे चार्जर होता, तिथे दादाने मला वळवले. चार्जर एकच. त्याला एक मोटार लागलेली आणि तिचे मालक आत जेवायला बसलेले. मासोळी पाण्याची बाटली आणायला गेली, तेवढ्यात दादाने माझ्या हँडलवर लावलेल्या फोनवरून काडीला विचारले.

"काडे, अर्ध्यावर आलोय. नव्वद जायचंय आणि ही पंच्याण्णव दाखवतेय. थांबू का? पण इथे रांग आहे, बराच उशीर होईल."

"अरे, पाच जास्तच आहेत की," काडी म्हणाली. "दादा, मी स्वतः चालवलीय ती. पुढे उतार लागतो, आकडा सावरतो. तू निघ. उगाच तिला उशीर नको करूस."

मित्रांनो, माझ्या पोटात एवढी वीज नाही हे मला कळत होते. तोंडावर मात्र पंच्याण्णव झळकत होते. मी दादाकडे बघून तोच आकडा दाखवत उभी राहिले. मासोळी बाटली घेऊन आली आणि तिने विचारले, "निघायचं?" दादा म्हणाला, "निघू."

वीस किलोमीटर उरले असताना मी थांबले. दोन्ही बाजूंना गोदामांच्या लांबच लांब भिंती होत्या. दादाने मला ढकलत एका पंक्चरवाल्याच्या दुकानापर्यंत नेले. त्याने माझी वायर हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, "एवढा लठ्ठ मोबाईल मी पहिल्यांदाच बघतोय." दादा कसनुसा हसला. पंक्चरवाल्याने बिचाऱ्याने आपला पंखा काढून मला प्लग दिला, पण त्या साध्या प्लगवर मला संध्याकाळच झाली असती. दादा रस्त्यात उभा राहून येणाऱ्या जाणाऱ्या गाड्यांना हात दाखवू लागला. मासोळी माझ्याजवळ उभी होती. तिने पोहायचा चष्मा बॅगेतून काढून हातात घट्ट धरला होता आणि ती माझ्या तोंडावरच्या शून्याकडे बघत होती. तिची ती नजर मी विसरलेले नाही. शेवटी पाण्याचा एक टँकर थांबला आणि दोघे त्यात चढून गेले.

दुपारी काकांनी व्हॅन आणून मला उचलले आणि घरी पोहोचवले; पुढचे मला खिडकीतून कळले. ते पोहोचले तेव्हा तिच्या गटाच्या शर्यती होऊन गेल्या होत्या. दादाने तिथल्या साहेबांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले, पण एकीसाठी पुन्हा शर्यत कोण घेणार?

त्या संध्याकाळी काडी धावत आली. मासोळी तिच्या खोलीत दार लावून बसली होती. काडीचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, "दादा, मी तुला म्हटलं होतं की..."

"माझाच अंदाज चुकला," दादा मध्येच म्हणाला. तो जरा मोठ्यानेच बोलला, आतल्या दारापर्यंत जाईल असा. "माझं वजन बघ. गाडीचा काय दोष?"

काडी मूग गिळून बसली. फोनची गोष्ट दादाने घरात कोणालाही सांगितली नाही, आणि काडीनेही नाही.

मग सगळे खापर दादावर फुटले. मासोळी एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदा थांबला असता तर काय झालं असतं?" ती माझ्यावर बसेनाशी झाली. पहाटेची बस पकडून तलावावर जाऊ लागली. बापाशी कामापुरते बोलायची. दादाने जेवण कमी केले. ताटात काकडीच्या चकत्या घेऊन बसायचा. वहिनी म्हणाल्या, "अहो, तुम्ही काकडी खाल्ल्याने तो दिवस परत येणार आहे का?" तो म्हणाला, "पुढचा तरी चुकणार नाही."

काडी दर सुट्टीला यायची आणि मला पुसत बसायची. चाके, फूटरेस्ट, साखळीचे झाकण, जिथे धूळ नाही तिथेही. अपराधी माणूस गाडी फार लख्ख पुसतो, हे मला तेव्हा समजले. माझी अवस्था काही वेगळी नव्हती. तिने चावी फिरवली की माझ्या तोंडावर तोच लंबाचौडा आकडा उजळायचा आणि ती झटकन चावी बंद करायची.

अशीच एकदा ती मला पुसत असताना मासोळी बसने आली. केस ओले होते. आत्याला बघून ती थांबली आणि माझ्या सीटवर हात ठेवून म्हणाली, "तुझी गाडी चांगली आहे गं, आत्या. बाबांनाच चालवता येत नाही."

वर खिडकीत दादा काकडी कापत होता. सुरीचा आवाज थांबला. काडीने वर पाहिले, दादानेही खाली पाहिले. मग सुरी पुन्हा चालू झाली. काडीच्या हातातले फडके तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला काढले आणि थेट कारखान्यात मॅडमसमोर नेऊन उभे केले.

"मॅडम, हिची चाचणी पुन्हा घ्यायचीय. जाडा माणूस, सरळ बसलेला, मागे ओझं आणि समोरून वारा. ट्रकच्या मागे न जाता."

मॅडमनी चष्मा काढला. "ट्रकच्या मागे?"

काडीने सगळे सांगितले. फोनचेही सांगितले. मॅडम काही वाईट बाई नव्हत्या. त्यांनी म्हटले ते एवढेच, "मोठ्या विजेच्या गाडीवर आधीच लोकांचा भरवसा नाही. आकडा खाली आणला तर घेणार कोण?"

"आणि नाही आणला तर दुसऱ्यांदा घेणार कोण?" काडी म्हणाली. "मी रस्त्यात उभ्या राहिलेल्या माणसाला ओळखते, मॅडम. माझा सख्खा भाऊ आहे."

मॅडमनी चष्मा परत लावला. "चूक तुझ्या एकटीची नाही," त्या म्हणाल्या. "आकडा आला तेव्हा मीही विचारलं नाही, कसा आला म्हणून." आणि त्यांनी परवानगी दिली.

चाचणीला चालवायला दादाच आला. काकांनी व्हॅन काढली. काडीने मासोळीला बरोबर घेतले. ती यायला तयार नव्हती, पण आत्याने फारच गळ घातली म्हणून फुरंगटून काकांच्या शेजारी बसली. माझ्या मागच्या सीटवर वाळूची पोती बांधली. दादा ताठ बसला, जसा तो नेहमी बसतो, आणि आम्ही निघालो. वाटेत ट्रक आले, त्यांना आम्ही जाऊ दिले. वाऱ्याने दोघांनाही बदडून काढले. दीडशेच्या थोडे पुढे गेल्यावर मी एका मोकळ्या माळाच्या कडेला थांबले. दादा उतरला आणि मान खाली घालून उभा राहिला, जणू पुन्हा त्याच्याच हातून काही झाले होते.

व्हॅन मागे येऊन थांबली. मासोळी खाली उतरली आणि तिने माझे तोंड पाहिले. काडीच्या आकड्याप्रमाणे तिथे अजून साठ किलोमीटर दिसायला हवे होते आणि दिसत होते शून्य.

काडी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "त्या दिवशी बाबांनी मला फोन केला होता," ती म्हणाली. "तू पाणी आणायला गेली होतीस तेव्हा. थांबू का म्हणून विचारलं. मी सांगितलं, थांबू नकोस. तो आकडा माझा होता आणि तो खोटा होता. मी ट्रकच्या आडोशाने काढलेला."

मासोळी वडिलांकडे वळली. "बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?"

दादा हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत होता. "तू एकावर रागावली होतीसच," तो म्हणाला. "दोघांवर रागवायला लावून मला काय मिळणार होतं? आणि तिला आकड्याचं किती कौतुक होतं, तुला माहीत आहे."

"मी तुम्हाला काय काय बोलले, बाबा," मासोळी म्हणाली. दादा म्हणाला, "असू दे गं," आणि तिकडे माळाकडे बघू लागला.

काडी रडत होती. "मासोळे, तुझं वर्ष मी परत देऊ शकत नाही," ती म्हणाली. मासोळीने मान हलवली. हो, देऊ शकत नाहीस, असा त्याचा अर्थ होता. तिने खोटा दिलासा दिला नाही, आणि कोणी तिला आत्याची समजूत घाल असेही म्हटले नाही.

काकांनी फळी लावली. मी जड, फळी चढाची. दादा एका बाजूने लागला, काडी दुसऱ्या बाजूने. मी अर्ध्यावर जाऊन अडकले आणि मागे सरकू लागले. तेव्हा मासोळी पुढे आली. ती वडिलांच्या बाजूला गेली, त्यांच्या हाताशेजारी तिने आपले पोहून घट्ट झालेले हात लावले आणि जोर केला. काडीच्या बाजूला ती गेली नाही. काडीही तिच्याकडे न बघता एकटीच आपली बाजू ढकलत राहिली, आणि मी वर गेले.

परतताना मासोळी पुढे बसली नाही. ती मागे माझ्याजवळ बसली, कारण दादा मागे बसला होता. थोड्या वेळाने तिने डोके त्याच्या दंडाला टेकवले. दादाने हातातला डबा उघडला, त्यात काकडी होती. मासोळीने ती काढून घेतली आणि शेजारी ठेवलेल्या काकांच्या डब्यातली भाकरी त्याला दिली. दादाने ती निमूटपणे खाल्ली.

मित्रांनो, आता फाटकावर नवा आकडा आहे. जुन्यापेक्षा बराच लहान. तो लागला त्या वर्षी आमच्या गाड्या कमी खपल्या आणि मॅडमना वरच्यांची बोलणी खावी लागली. कारखाना टिकला, पण सहज टिकला नाही. माझ्या मागून आलेल्या गाड्यांचे तोंड चालवणारा किती जड आहे, वारा कुठून आहे हे विचारते आणि मगच आकडा सांगते. त्या पुढे खूप लांब जातील असे मॅडम म्हणतात. जातीलही. माझी बॅटरी मात्र आता तलावापर्यंत जाऊन येण्यापुरती उरली आहे. मासोळी पुन्हा माझ्या मागच्या सीटवर बसते. वरच्या गटात तिची अजून निवड झालेली नाही. आत्याशी ती बोलते, पण पूर्वीसारखी नाही. काडी अजूनही येऊन मला पुसते आणि मला तिला सांगता येत नाही की ओझे तिच्या एकटीवर नाही, तो आकडा माझ्याही तोंडावर होता.

तुम्ही गाड्या बनवाल, चालवाल, कदाचित त्यांची चाचणीही घ्याल. आम्हाला धुवा, पुसा, सावलीत ठेवा, त्याने आम्ही सुखी होतो. पण एवढ्याने भागत नाही. आम्हा यंत्रांना स्वतःचे बोलता येत नाही. तुम्ही शिकवाल तेच आम्ही बोलतो, आणि रस्त्यावरचा माणूस आपली लेकरे पाठीमागे बसवून त्यावर विश्वास ठेवतो. म्हणून माझी एकच विनंती आहे. आम्हाला शिकवताना खरे शिकवा.